शेजारणीचा श्वास

मुकादमला एकटीनं गाताना कुणी कधी ऐकलं नाही. न्हाणीघरातसुद्धा ती गप्प असायची, असं तिच्याबरोबर वसतिगृहात राहिलेल्या मुली शपथेवर सांगतात. आवाज बरा होता, एवढंच. चार आवाजांत मिसळला की शोधून सापडू नये असा. तरीही कॉलेजात मुलींच्या गाण्याच्या ग्रुपचा विषय निघाला की पहिलं नाव तिचंच यायचं, आणि तेही टोपणनाव. खरं नाव हजेरीपटावर असेल तर असेल; हाक मारायला ते कुणी वापरलं नाही.

मुकादम हे नाव तिला चालण्यावरून पडलं. दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान किंचित पुढे काढून ती मुलींच्या रांगेसमोरून अशी फिरायची, जणू भिंत ओळंब्यात चाललीय की नाही ते बघतेय. हे चालणं तिनं उचललं होतं वडिलांच्या कामावरून. वडील घरं रंगवायचे. लहानपणी शाळा सुटली की ही डबा घेऊन ते असतील त्या इमारतीत जायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तिथल्या मुकादमाच्या मागे मागे हिंडायची. मुकादम कामाला हात लावत नाही, पण तो नसला की काम वाकडं जातं, हे तिच्या तिथेच लक्षात आलं असावं.

कॉलेजात भूगोल हा तिचा विषय. सकाळी वर्ग भरायच्या आधी ती एका लाँड्रीत इस्त्री करायची, त्यामुळे तिच्या अंगाला कायम वाफाळलेल्या सुती कापडाचा वास असायचा आणि उजव्या मनगटाजवळ चटक्याची एक तांबूस रेघ. आता ती दुसऱ्या गावी नकाशे तयार करणाऱ्या एका कचेरीत आहे. तिथे ती गाते का, हे कुणी विचारलेलं नाही. तिथल्या टेबलांच्या रांगेसमोरून हात मागे बांधून फिरत मात्र नक्की असणार.

ही हकिगत मुकादम शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची, आणि जिच्या मनात ती घर करून राहिली आहे ती एक आई. औषधांच्या दुकानात काउंटरपलीकडे उभी राहणारी, औषधशास्त्र शिकलेली, आणि काळजी करण्यात कुणालाही हार न जाणारी.

तिच्या लेकीला दमा होता. अगदी लहानपणापासून. मिक्सर चालू असला, नळ वाहत असला, तरी आतल्या खोलीतल्या लेकीच्या छातीतली बारीक शीळ आईला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मग हातातलं काम तसंच राहायचं. लेकीचा श्वास अडकला की आईचाही अडकायचा. पंप तोंडात धरून लेक श्वास आत कोंडून घ्यायची, तेव्हा समोर बसलेली आईही गाल फुगवून बसायची.

"अगं, तू तरी घे श्वास," बाबा म्हणायचे. "घरात एक पेशंट पुरे आहे."

लेक कॉलेजला म्हणून वसतिगृहात राहायला गेली, तेव्हा आईनं पंपांची पेरणी केली. एक दप्तरात, एक कोटाच्या खिशात, एक उशाशी, एक वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या कपाटात. रेक्टरबाई हसल्या होत्या. आई नव्हती हसली.

आणि मग एके दिवशी फोन आला.

"आई, मी एका ग्रुपमध्ये आहे."

"कसला ग्रुप?"

"गाण्याचा."

"अरे वा. कोणाची गाणी ऐकता?"

"ऐकत नाही गं. गातो."

आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून लेकच म्हणाली, "तू श्वास घेतेयस ना?"

नंतर कळलं ते आणखी वाईट. हा ग्रुप साधा नव्हता. साथीला पियानो नाही, गिटार नाही, टाळीसुद्धा नाही. सगळ्या मुली अर्धगोलात उभ्या राहायच्या आणि जे काय करायचं ते गळ्यानं. कुणी वरच्या सुरात, कुणी मधल्या, कुणी पार खाली. दोघीतिघी शब्द म्हणायच्या आणि बाकीच्या त्यांच्याखाली 'ऊ' नाहीतर 'आ' असा एकच सूर गालिच्यासारखा अंथरून ठेवायच्या. वाद्य असलं तर दमल्यावर त्याच्या आडोशाला तरी जाता येतं. इथे आडोसा नाही. सगळा मामला श्वासाचा. म्हणजे ज्या एका गोष्टीची घरात चणचण, तीच उधळायला पोरगी निघाली होती.

"फुप्फुसांना व्यायाम होईल," बाबा म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"तुझ्याशी लग्न केल्यापासून अर्धा आहेच."

त्यातून ग्रुपमधल्या मुलींनी लेकीचं नाव ठेवलं होतं बासरी. का, तर छातीत वाजते म्हणून. आईला ते फार लागलं. "आजाराची चेष्टा करतात आणि तू खपवून घेतेस?" लेक म्हणाली, "आई, आमच्याकडे वाद्य म्हणून एवढं एकच आहे. सगळ्या जपतात मला." आणि खो खो हसत सुटली. त्या हसण्याच्या शेवटी शीळ होती का, हे आई फोन ठेवल्यावरही किती तरी वेळ आठवून बघत होती.

वार्षिक कार्यक्रम पंधरवड्यावर आला आणि व्हायचं तेच झालं. तालमीत बासरीला जोराचा अटॅक आला. पंप घेऊन लगेच उतरला, दवाखान्यात न्यावं लागलं नाही. पण रेक्टरबाईंनी कळवायचं म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबा गाडीत बसले. डिकीत घरातली सगळ्यात मोठी बॅग होती. रिकामी.

आईचं ठरलं होतं. गाणं बंद. आणि वसतिगृहही बंद. या वर्षाचा अभ्यास घरून करता येईल, परीक्षेपुरतं येता येईल, पुढचं पुढे बघू. बाबा गाडी चालवत होते आणि त्यांनी एकही विनोद केला नव्हता, यावरून गोष्ट कुठवर आली आहे ते समजावं.

लेक खाटेवर मांडी घालून बिस्किटं खात होती. शेजारच्या खाटेवर तिची मैत्रीण होती. हिचं नाव पोपट. ती एरवी झोपेतसुद्धा बोलते असं लेक सांगायची. आज ती तोंड मिटून बसली होती आणि तिचे डोळे सुजले होते. आजारी कोण आहे ते बाहेरच्या माणसाला ओळखता आलं नसतं.

"मोठी बॅग कशाला आणलीस?" लेकीनं विचारलं.

"धुवायचे कपडे असतील तर…"

"आई."

"हो, तुला न्यायला आणलीय. झालं? दिसायला बरी दिसतेस म्हणजे बरी आहेस असं नाही."

लेक रडली नाही, ओरडली नाही. बिस्किटाचा पुडा नीट दुमडून ठेवत ती म्हणाली, "बरं. पण मुकादमला तू सांगायचंस. माझ्यानं नाही सांगवणार."

"ही मुकादम कोण लागून गेली? तिची परवानगी काढायची का आता?"

"परवानगी नाही गं. सांग नुसतं."

भूगोलाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. किल्ली मुकादमकडे असायची म्हणून तालीम तिथे. बाबा खाली गाडीशीच थांबले. आई जिने चढून वर पोचली तेव्हा बाकं मागे सरकवलेली होती, भिंतीवर खडकांच्या थरांचा रंगीत तक्ता होता आणि कपाटावर धूळ बसलेले चार पृथ्वीचे गोल. मुली जमल्या होत्या. एक बारीकशी, इस्त्रीचा शर्ट घातलेली मुलगी खिडक्या उघडत होती.

"काकू ना?" ती वळून म्हणाली. "या. खडूची धूळ असते इथे, म्हणून आधी ओल्या फडक्यानं पुसून घेतो आणि खिडक्या उघडतो. काल एका वर्गाला उशीर झाला, पुसायचं राहिलं. ती चूक माझी."

आई भांडायला आली होती. समोरचं माणूस आधीच चूक कबूल करून बसलं की पंचाईत होते.

"मी तिला घरी न्यायला आलेय," आई म्हणाली. "तुला सांगायचं म्हणून सांगतेय."

मुकादमनं मान डोलावली. "ठीक आहे. सामान उतरवायला मी येईन. पण एवढ्या लांबून आलात तर एक तालीम बघून जा. मग न्या."

बाजूला खुर्ची मांडली गेली. मुली उभ्या राहिल्या. बासरी आणि पोपट शेजारी शेजारी. मुकादमनं शर्टाच्या खिशातून नादकाटा काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो दोन बोटांचा पोलादी काटा. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, त्याचा सूर हळूच गुणगुणला, आणि रांगेनं तो उचलला.

आईला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण तो आवाज खोलीत भरला तेव्हा खुर्चीचा हात तिच्या तळव्याखाली थरथरला, एवढं तिला कळलं. सूर लांबत गेला. कुणाचाही श्वास पुरेल त्याहून कितीतरी लांब. आईची नजर लेकीच्या गळ्यावर होती. लेकीनं सूर सोडला, श्वास घेतला, आणि नेमकं त्याच क्षणी…

"भोक," मुकादम म्हणाली.

सगळ्या थांबल्या.

"परत पडलं. त्याच जागी." ती हात मागे बांधून चालत आली आणि पोपटसमोर उभी राहिली. "तू पुन्हा तिच्याबरोबर घेतलास."

"मी मुद्दाम नाही गं करत," पोपट रडकुंडीला आली. "तिच्या छातीत वाजलं की माझंच पोट आत जातं. तिनं घेतला की मला घ्यावाच लागतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "लग्न लावून द्या दोघींचं." हशा पिकला. पोपटही रडता रडता हसली.

मुकादम आईकडे वळली. "काकू, सूर एवढा लांब असतो की एका श्वासात कुणालाच पुरत नाही. म्हणून जिला हवा तिनं मधेच सोडायचा, गुपचूप श्वास घ्यायचा आणि परत येऊन मिसळायचं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. मात्र एक नियम आहे. शेजारीण घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. आपण धरून ठेवायचं. दोघींनी एकदम घेतला की भोक पडतं." मग पोपटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "या दोघी एका खोलीत राहतात. जेवायला बरोबर, अभ्यासाला बरोबर, आता श्वासही बरोबर. काल दम लागला हिला, पण हंबरडा फोडला पोपटनं. आम्ही निम्म्या जणी पोपटलाच पाणी पाजत बसलो."

पंपानंतर गाल फुगवून बसणाऱ्या एका बाईची आईला आठवण झाली होती आणि ती तिला आवडली नव्हती.

"पोपट, तू पलीकडच्या टोकाला. काकू, तुम्ही जरा इकडे येता?"

"मी?"

"मधली जागा रिकामी आहे."

"अगं मला सूर कळत नाही."

"कळायचा नाहीये, धरायचा आहे. बसमध्ये दांडा धरतो तसा."

नाही म्हणता म्हणता आई लेकीशेजारी उभी राहिली. लेक खालच्या मानेनं हसू दाबत होती. काटा वाजला. 'ऊ' सुरू झाला. आईनं जमेल तसा तो पकडला, आणि दोन्ही बाजूंनी इतके आवाज होते की तिचा कापरा आवाज त्यांत कुठल्या कुठे बुडून गेला. तिला बरं वाटलं. गर्दीत कुणीतरी दंड धरून चालवावं तसं. मग शेजारी लेकीनं सूर सोडला, छाती वर गेली, बारीक शीळ वाजली, आणि आईच्या घशातला सूर आपोआप तुटला. तिनंही श्वास घेतला.

"भोक," मुकादम म्हणाली. जरा हळू.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आईनं मनाशी पक्कं ठरवलं होतं की सोडायचा नाही. लेकीनं सोडला आणि हिनंही सोडला. रांगेत कुणी हसलं नाही. पलीकडच्या टोकावरून पोपट मात्र समदुःखी चेहऱ्यानं आईकडे बघत होती.

तालीम संपल्यावर मुकादम आईबरोबर जिना उतरायला आली. मधल्या मजल्याच्या खिडकीशी आई थांबली.

"तुला काय दाखवायचं होतं ते दाखवलंस," ती म्हणाली. आवाजात राग होता, पण तो कुणावर ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. "मी आई आहे तिची. तिचा श्वास अडकला तर माझा अडकणारच. तुला नाही कळायचं."

"खरंय," मुकादम म्हणाली. खिडकीच्या कठड्यावरची धूळ तिनं बोटानं पुसली. मग म्हणाली, "माझे बाबा शिडीवरून पडले होते. पाठ गेली. आम्ही तिघी बहिणी आणि आई. सगळ्या त्यांच्या खाटेला चिकटून बसलो. शाळा नाही, धड जेवण नाही, कुणी हलायला तयार नाही. हललं तर प्रेम कमी पडेल असं वाटायचं. आणि एका दुपारी चौघीही बसल्या जागी झोपलो. एकदम. बाबांना पाणी हवं होतं. हाका मारल्या असतील. मग ते स्वतःच उठायला गेले आणि खाली पडले."

आईनं तिच्याकडे पाहिलं.

"मग आईनं पाळ्या लावल्या. दोघी आत, दोघी बाहेर. बाहेरच्या दोघींनी शाळेत जायचं, खेळायचं, भांडायचं. आधी फार अपराधी वाटायचं हो. आपण इथे लगोऱ्या खेळतोय आणि बाबा तिकडे पडलेत. पण आत गेलं की हातापायात जीव असायचा. बाबांना उचलता यायचं."

"आता कसे आहेत?"

"चालतात. आम्ही शिडी चढू देत नाही, म्हणून खालचं खालचं रंगवतात. आमच्या घराच्या भिंती कमरेपर्यंत एकदम झकास आहेत. वरती बघायचं नाही."

आईला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही. पण ती काही तेवढ्यानं विरघळणारी बाई नव्हती.

"कार्यक्रमापर्यंत राहू दे तिला," ती म्हणाली. "मी समोर बसणार. बॅग घेऊन बसणार. जरा जरी काही झालं ना, तर तिथून थेट घरी."

"चालेल," मुकादम म्हणाली. "सामान उतरवायचं माझ्याकडे लागलं."

कार्यक्रमाच्या दिवशी आईनं खरोखरच ती बॅग सभागृहात आणली. पुढून दुसऱ्या रांगेत, पायांशी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला वळसा घालावा लागत होता.

"लोकांना वाटेल आपण मुक्कामाला आलोय," बाबा पुटपुटले.

"वाटू दे."

पडदा सरकला. मुली काळ्या लांब झग्यांत उभ्या होत्या. आईच्या नजरेला आधी पडले ते खिसे. प्रत्येकीच्या झग्याला डाव्या बाजूला एक खिसा होता. पंप एकीलाच लागायचा. पण एकीच्याच झग्याला खिसा दिसला तर ती वेगळी दिसेल, म्हणून मुकादमनं सगळ्यांनाच शिवून घ्यायला लावले होते. पोपटच्या खिशात चॉकलेटं होती, हे नंतर कळलं. आता मुकादम स्वतः बासरीच्या उजव्या हाताला उभी होती. पोपट पार दुसऱ्या टोकाला, आणि तिनं आपली नजर समोरच्या दिव्यावर अशी खिळवली होती की जणू मान वळवली तर दंड पडेल.

पहिली काही गाणी छान झाली. लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. आईनं एकही गाणं ऐकलं नाही. ती लेकीची छाती बघत होती.

शेवटच्या गाण्याच्या शेवटी तो लांब सूर होता. सगळ्या आवाजांचा एक. तो सुरू झाला, पसरला, आणि आईला दिसलं. लेकीचे खांदे वर चढले. ते खांदे आईला पाठ होते. मानेच्या खाचेत खड्डा पडला. लेकीनं सूर सोडला, डावा हात खिशात गेला, अर्धं पाऊल मागे सरकून तिनं पंप तोंडाला लावला आणि ओठ मिटून घेतले. औषध आत गेलं की श्वास कोंडून धरायचा असतो. जितका धरवेल तितका. हे आईनं काउंटरवर हजारदा लोकांना सांगितलं होतं.

आई खुर्चीवरून अर्धी उठली. पाय बॅगेला अडखळला. तिचा श्वास, नेहमीप्रमाणे, छातीत थांबला होता.

आणि मग तिला मुकादम दिसली. मुकादमनं लेकीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. ती सरळ समोर बघत गात होती. तिच्या मानेची शीर फुगली होती, कान लाल झाले होते, तिला स्वतःला कधीचा श्वास हवा असणार, आणि ती घेत नव्हती. पलीकडची शेजारीण घेत नव्हती. दोघींनी मिळून मधली जागा अशी भरून काढली होती की सूर जिथल्या तिथे होता. आईनं कान देऊन शोधलं. भोक नव्हतं. मागच्या रांगेत कुणी खोकलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. एवढ्या मोठ्या सभागृहात फक्त एका बाईला माहीत होतं की रांगेतली एक मुलगी गात नाहीये, आणि तीच बाई उठून सगळ्यांना ते सांगायला निघाली होती.

लेकीचे ओठ अजून मिटलेलेच होते.

आईनं श्वास घेतला. मुद्दाम, ठरवून, लेक घेत नसताना. पहिल्यांदाच. तो आत जाताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. मग ती खाली बसली. दुसरा श्वास घेतला. तो जरा सोपा गेला.

लेक अर्धं पाऊल पुढे आली. तिचा आवाज कधी परत मिसळला ते आईला कळलं नाही. कळलं ते मुकादमच्या खांद्यांवरून. ते एकदम खाली आले, आणि तिनं एवढा मोठा श्वास घेतला की शर्टाची सवय असलेल्या त्या पोरीच्या झग्याची शिवण उसवते की काय असं वाटलं. तेव्हा सूर धरून ठेवला होता बासरीनं.

बाबांनी आईचा हात धरला होता. "काय गं, उठली होतीस मघाशी?"

"पायाला मुंग्या आल्या होत्या," आई म्हणाली.

कार्यक्रमानंतर मागच्या दारापाशी गर्दी होती. पोपट वेगानं बोलत होती. पंधरा दिवसांची थकबाकी ती एका दमात वसूल करत होती. "काकू, मी बघितलंच नाही तिच्याकडे! अजिबात! दिव्याकडे बघून बघून मला अजून हिरवं दिसतंय!" लेक आईच्या गळ्यात पडली. तिच्या छातीत बारीक वाजत होतं. आईनं ऐकलं आणि काही विचारलं नाही.

मुकादम जरा बाजूला, जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिनं नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरून तो शेवटचा सूर गुणगुणून बघितला. प्रत्येक गाण्यानंतर ती असं करायची. साथीला वाद्य नसलं की गाता गाता सगळ्या जणी नकळत खाली घसरतात, आणि किती घसरलो ते तिला बघायचं असायचं.

"उतरलो का?" आईनं तिच्या शेजारी बसत विचारलं.

"थोडे. केसभर." तिनं काटा पुन्हा वाजवून आईच्या कानाशी धरला. आईला फक्त एक स्वच्छ, बारीक गुणगुण ऐकू आली. कुठलाही फरक कळला नाही.

घरून निघताना आईनं काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. चांगली चार वाक्यं होती. त्यातलं एकही आठवेना. तिनं मुकादमचा इस्त्रीच्या डागाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाळा, मघाशी तू श्वास घेतला नाहीस."

"माझी पाळी नव्हती ना काकू," मुकादम म्हणाली.

तेवढंच. मग ती उठली, झगा झटकला, आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर ती मोठी बॅग होती.

"अगं, हे काय? राहू दे," आई म्हणाली. "ती नाही येत आमच्याबरोबर. इथेच राहणार आहे ती."

"माहीत आहे," मुकादम म्हणाली. "पण सामान उतरवायचं माझ्याकडे लागलं होतं."

बाबांनी डिकी उघडून धरली. रिकामी बॅग खांद्यावर घेऊन, एका बाजूला पार वाकून, ओझ्याखाली दबलेल्या हमालासारखी पावलं टाकत ती गाडीपर्यंत गेली, आणि मागे सगळ्या मुली हसून हसून एकमेकींवर कोसळत होत्या.

"काकू," बॅग डिकीत ठेवत ती धापा टाकल्यासारखं करत म्हणाली, "फारच जड आहे हो."

"होती खरी," आई म्हणाली.